वना मिस्त्रीनं मोजलेले तीन ठोके

पारोळ्याच्या बसस्टँडमागं वना मिस्त्रीचं गॅरेज. चार पत्रे, एक बाभूळ आणि तेल पिऊन काळी पडलेली जमीन, एवढंच. ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, जीप, काहीही आणा, काय बिघडलंय असं विचारलं की वनाचं उत्तर ठरलेलं: "आधी मोजू, मग बोलू." चौथी शिकलेला माणूस, पण अंदाजानं एक नटसुद्धा आवळायचा नाही. गिऱ्हाईक वैतागायचं, शिव्या द्यायचं आणि पुन्हा त्याच्याकडंच यायचं.

अशा माणसानं मोजल्याशिवाय एक काम केलं, आणि तेही सणाच्या दिवशी. मग काय, तीन दिवस त्याच्या तोंडची चव गेली.

त्याचं असं झालं. पंडितनाना अठ्ठावीस वर्षं नैरोबीत कारकुनी करून शहाऐंशी साली गावी परतले. येताना बोटीनं एक जपानी मोटार घेऊन आले. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. तीन कोपऱ्यांचा लोखंडी लाडू गरागरा फिरतो, असे दोन लाडू, आणि त्यावर गाडी पळते. असलं इंजिन गावानं पाहिलं नव्हतं, वनानंही नाही. तरी नानांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "हिले दुसरं कोणी हात लावाव नही." वनाला त्या दिवशी घरी जेवणसुद्धा सुचलं नाही, इतका तो फुलला होता. नानांच्या बायकोचे, मंजुळाअक्कांचे, गुडघे गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नसे, त्यामुळे माहेर, देऊळ, दवाखाना सगळं त्या गाडीवर चालायचं.

दसऱ्याला अक्कांनी गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. वनानं थंडगार इंजिन चालू केलं, गाडी हातभर पुढं घेतली आणि बंद केली. लिंबू निसटलं! पुन्हा ठेवलं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. या खेपेला फुटलं. सगळे खूश, वनाच्या हातात पेढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा निरोप आला, गाडी चालू होत नाही. वनानं स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. इंजिन नुसतं हलकं हलकं फिरत होतं. दम म्हणून नाही, जणू आत कोणी नाहीच. काल हिला आपणच छळलं, हे त्याला कळत होतं. नानांना मात्र त्यानं बॅटरी उतरली एवढंच सांगितलं.

नानांनी जळगावहून एक मोठा मेकॅनिक बोलावला. कपडे इस्त्रीचे, हातात घड्याळ. त्यानं प्लग काढला, आतला दाब मोजायचं गेज लावलं, काटा पंचवीसच्या वर जाईना. "कॉम्प्रेशन संपलं. याचे पार्ट अख्ख्या हिंदुस्थानात नाहीत. भंगारात द्या," एवढं बोलून, चहा पिऊन साहेब गेले. नाना ओट्यावर बसून राहिले, वनाच्या नजरेला नजर देईनात. वनाला वाटलं, यांना कळलंय. अक्का देवघरातून बाहेरच आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी वना एकटाच गाडीपाशी गेला. जळगावकरानं काढलेला प्लग तसाच ठेवलेला. त्यानं दुसरा काढून पाहिला, तर पेट्रोलनं निथळत होता. आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. पावसाळाभर बंद पडलेलं ऑइल इंजिन असंच हलकं फिरतं. तेव्हा आपण काय करतो? सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडतो आणि मग हँडल फिरवायला दोन माणसं लागतात! थंड इंजिन चोक ओढून चालू केलं, लगेच बंद केलं, म्हणजे कच्चं पेट्रोल आतच राहिलं. त्यानं लाडवाच्या कडांवरचं, दाब धरणारं तेल धुऊन काढलं असणार. हात्तिच्या, इतकं साधं!

त्यानं दोन्ही लाडवांत थोडं थोडं तेल सोडलं, ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी जोडली, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढली. नानांना बोलावून गाडीत बसवलं आणि सांगितलं, "अॅक्सिलेटर पार खाली दाबा, मग स्टार्टर मारा." आपलं जुनं गेज प्लगच्या भोकावर दाबून धरलं. काटा ऐंशीवर!

"काही भेटनं का रे?" नाना आतून ओरडले.

कोणीही दुसरा नाचला असता. वना थांबला. नानांनीच त्याला पूर्वी कणकेचा गोळा करून दाखवलं होतं: लाडवाला तीन बाजू, तीनदा दाब, आणि दर कोपऱ्यावर तो दाब अडवणारी पट्टी. एका कोपऱ्याची पट्टी तुटली तर तिच्या दोन्हीकडच्या दोन बाजू गेल्या. पण गेज तर सगळ्यांत मोठा आकडा धरून बसतं. हे ऐंशी एकाच बाजूचे असले तर? मग भंगारच की.

त्यानं ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली घेतली आणि गेजच्या तोंडातली पिनच काढून टाकली. आता काटा अडकून राहणार नव्हता. दर दाबाला उसळणार, दर दाबाला पडणार.

"मारा नाना!"

धप, धप, धप. काटा उसळला, पडला, उसळला, पडला. वना एकेक उडी मोजत होता. एकही उडी बुटकी नाही. दुसऱ्या लाडवालाही तसंच. धप, धप, धप.

"नाना, इंजिन जित्तं शे!" असं ओरडून वना तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

प्लग पुसून लावले, वायर जोडली. चौथ्या झटक्याला गाडी फुरफुरली आणि असा धूर सोडला की गल्लीतल्या बाया वाळवणं उचलून पळाल्या. मग आवाज हळूहळू सरळ झाला.

"आते रडी का ऱ्हायना?" नाना म्हणाले.

वनानं सांगून टाकलं. दसऱ्याला थंड इंजिन दोनदा चालू केलं, दोनदा बंद. मीच मारली होती तिला.

नानांचा चेहरा उतरला, मग उजळला, मग लाजला. "तू नही रे. तुना दोन बारनंतर बी ती जित्तीच व्हती. दुसरा दिन सकायमा मीच तिले चालू करी, चिंचखालथून जराशी मांगे लिधी न् बंद करी टाकी. तुले सांगाले माले लाज वाटनी."

एवढ्यात दारातून अक्का आल्या, भिंतीला धरत, डोळे पुसत. "वा रे शहाणे! न् मी तीन दिन मना लिंबूलेच दोस दी ऱ्हायनू. म्हटलं, नासकं निंघनं!"

नाना इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी किल्लीकडं हात नेला, सवयीनं.

"नाना, हात काढा!" वना गरजला. "गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही."

अक्कांना पुढच्या सीटवर बसवलं, नाना मागं. वनानं गाडी एरंडोलच्या रस्त्याला घातली. अक्कांचं माहेर तिकडंच होतं.