मळी पिणारं कोणीतरी

गुऱ्हाळाची मळी साठवायला मी ओढ्याच्या अगदी काठावर खड्डा खणला. जागा मीच निवडली आणि खणलाही मीच. शेजारचा गुऱ्हाळवाला 'हितं नको, जमीन पोकळ हाय' म्हणाला, तर मी त्याला खालची चांगली काळी माती मुठीत धरून दाखवली.

मळी म्हणजे उसाचा रस काहिलीत उकळताना वर येणारी घाण. आमच्या उचगावच्या शिवारात थंडीत गुऱ्हाळ पेटलं की ती बादल्या भरभरून निघायची आणि बांधावर ओतली जायची. ताजी असताना म्हशीच्या वैरणीवर ओंजळभर शिंपडणं सगळेच करायचे. पण सगळे करतात तेवढंच करीन तर मी कसला! सत्तरीचं दशक होतं. जोडधंदा, सकस खुराक असले शब्द रेडिओवरून कानात पडत होते. मला वाटलं, ही फुकटची मळी हंगामभर साठवली तर विकतच्या सरकीचं तोंड बघायला नको.

गोठ्यात तीन म्हशी होत्या. त्यातली गाभण होती ती माझी नव्हती, बायकोची होती. मुरगूडला माहेरी तिनं ती रेडकू असल्यापासून वाढवली होती, आणि लग्नानंतर तिच्या आईनं ती पाठवून दिली होती. पहिलंच वेत. ही व्याली की दूध आपलं, त्याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही, असं बायकोनं मनाशी पक्कं धरलं होतं. मग सगळ्यांत जास्त मळी मी कुणाला घालणार? त्या गाभणीलाच. प्रेमानं.

सुरुवातीला म्हशी पाटीवर तुटून पडायच्या. दूधही वाढलं. संध्याकाळी म्हशी शहरात गंगावेशीत नेऊन गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढताना मी खुराकावर असं व्याख्यान द्यायचो की माणसं ग्लास तोंडाला लावायची विसरायची.

मग खड्डा बोलू लागला.

पहाटेचं धुकं ओढ्यावरून सरकत गोठ्यापर्यंत यायचं, आणि त्या धुक्यातून घशात घोट अडकल्यासारखा आवाज यायचा. गुडूप. थोडं थांबून पुन्हा गुडूप. जवळ जाऊन पाहिलं तर मळीवर फेसाची साय धरलेली असायची आणि ती साय हळूच वर यायची, खाली बसायची. खाली कुणीतरी पांघरूण घेऊन निजलंय आणि श्वास घेतंय असं वाटायचं. वास आता गोड राहिला नव्हता. नाकातून डोक्यात चढायचा.

त्याहून वाईट म्हणजे खड्डा रिकामा होत होता. मी संध्याकाळी काठोकाठ भरावा, सकाळी मळी वीतभर खाली. आजूबाजूला पायाचा ठसा नाही, सांडल्याचा डाग नाही. मी खड्ड्याभोवती राख पसरून पाहिली. सकाळी राख जशीच्या तशी, मळी मात्र खाली गेलेली. माणूस नाही, कुत्रं नाही, कोण पितंय?

हे मी बायकोला सांगितलं नाही. मी भितो हे तिला कळू नये, एवढीच त्यामागची अक्कल.

एका सकाळी तिनंच हाक मारली. "अवो, जरा या हिकडं. ही मला वळकंना झालीया."

गाभण म्हैस भिंतीला कपाळ टेकून उभी होती. बायको तिला माहेरच्या सुरात बोलवत होती. एरवी त्या हाकेला ती दावं ताणायची, आता कानही हलत नव्हता. डोळे उघडे, पण त्यांत आम्ही नव्हतो. बाकीच्या दोघी माना खाली टाकून झुलत होत्या. आणि गोठ्यात विलक्षण शांतता होती. कसली ते मला चटकन कळेना. मग कळलं, एकही म्हैस रवंथ करत नव्हती.

"ह्यो काय प्रकार हाय?" बायको म्हणाली.

"अशक्तपणा असंल," मी म्हणालो. "आणखी एक बादली मळी घाल."

पाणी आणायला ओढ्यावर गेलो आणि घागर हातातच राहिली. ओढ्यातले खेकडे बाहेर आले होते. सगळे. काठावरच्या दगडांवर, वाटेवर, करंजाच्या मुळ्यांवर नांग्या आवळून बसले होते. माझा पाय जवळ पडला तरी एकही पाण्याकडे पळेना. पाणी काळपट झालं होतं, आणि त्यातून मासे तोंडं वर काढून आ वासत होते, मिटत होते. कितीतरी तोंडं, एकाच वेळी, आणि आवाज मात्र काही नाही.

शेजारच्या मळ्यातली म्हातारी माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. तिनं खेकड्यांकडं पाहिलं, म्हशीचं माझ्याकडून ऐकलं आणि डोक्यावरचा पदर ओढून घेतला.

"पाण्यातल्या आसरा रागावल्यात बाबा. तुझ्या म्हशीलाबी त्यांचंच वारं लागलं आसंल. वरच्या डोहावर जा, नारळ दे, हिरव्या बांगड्या वहा. आन् मागं बघू नगंस."

दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं की आसरा आपल्यावरच का रागवाव्यात. मला हायसं वाटलं. खड्डा कोण पितंय त्याचा उलगडा झाला ना! आसरांना मळी आवडली होती.

नारळ-बांगड्यांचं ताट घेऊन मी काठाकाठानं वर निघालो. ऊन वर आलं होतं, तरी धुकं पाण्याला चिकटून होतं. दोन्ही काठांवर खेकडे. मी चाललो की त्यांचे डोळे माझ्याबरोबर वळताहेत असं वाटत होतं. बेडूक नाही, बगळा नाही, पाण्यावरचा चतुरसुद्धा नाही. माझ्या वहाणांचाच तेवढा आवाज, आणि तोही मला दुसऱ्या कुणाचा वाटू लागला.

माझा खड्डा मागं पडला. आणखी चार पावलं टाकली असतील, तोच पायाजवळून एक बेडूक पाण्यात पडला. डुबुक.

मी थांबलो. इथलं पाणी स्वच्छ होतं. तळाचे गोटे दिसत होते, मासोळ्या सळसळत होत्या. म्हातारीनं बजावलं होतं तरी मी मागं पाहिलं. माझ्या खड्ड्यापासून खाली ओढा मेलेला होता, आणि वर जिवंत. मधे जणू कुणी रेघ ओढली होती.

खड्ड्याखालचा काठ खेकड्यांच्या बिळांनी चाळणीसारखा झाला होता. प्रत्येक बिळातून काळी, फेसाळ मळी ठिबकत होती. पिणारं कोणी नव्हतं. मीच हंगामभर ओढ्याला पाजत होतो, आणि तेच आंबलेलं म्हशींना. पाटीतून खाऊ घालत होतो तेही, आणि घागरीतून पाजत होतो तेही.

मी धावत सुटलो. नारळ वाटेत कुठं पडला ते कळलं नाही. गोठ्यात बायको गाभणीचं तोंड वर धरून मी सांगितलेली बादली तिच्यापुढं करत होती.

"टाक ती! टाक!"

"का?"

"दारू हाय ती."

तिनं बादली खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं.

जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं म्हशीच्या डाव्या कुशीला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. "पोट बंद पडलंय," तो म्हणाला. तिघींनाही खायचा सोडा पाण्यात कालवून बाटलीनं पाजला, वाळल्या कडब्याशिवाय काडी द्यायची नाही म्हणून बजावलं. बायकोनं विचारलं, "आन् पोटातलं?"

"आईचं बघू आधी. रेडकाचं मला आज इचारू नका."

आतलं रेडकू हलतंय का बघत बायको कुशीवर तळहात ठेवून बसून राहिली. मी खड्डा उपसून मळी लांब माळावर नेऊन पसरत होतो, आणि दर खेपेला गोठ्यात डोकावत होतो. ती मान हलवायची, नाही म्हणून. ओढ्यातले मासे दुपारी उलटे झाले. खालच्या मळ्यातल्या जनावरांना लोकांनी तिकडं जाऊ दिलं नाही. त्या पाण्यात पुढच्या पावसाळ्यापर्यंत बेडूक ओरडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा हात एकदम उचलला गेला. "लाथ मारली!" ती म्हणाली. "आतनं मारली की!" आणि थोड्या वेळानं म्हशीचा जबडा जडपणानं एका बाजूला सरकला, मग दुसऱ्या.

निरोप ऐकून माझी सासू मुरगूडहून पहिल्या एस.टी.नं आली होती. जावयासमोर पदर सावरल्याशिवाय ती कधी बोलली नव्हती, बोलली तरी भिंतीशी बोलल्यासारखी. तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, सगळी हकीकत लेकीकडून शांतपणानं ऐकली, आणि पदर न सावरता थेट माझ्याकडं बघत लेकीला म्हणाली,

"म्हशीची उतरली गं बाई. ह्यांची कशानं उतरती तेबी डॉक्टरास्नी इचारून घे."