जबड्यात राहिलेली चावी

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय.

खुटबावच्या आमच्या जुन्या गोठ्यात मी हौसेनं लोखंडकाम करतो. दौंडच्या भंगारातून लेथ, म्हंजी लोखंड फिरवून कातायचं यंत्र आणलं, मग ग्राइंडर, मग ड्रिल. परवा तिथं एक झकास ऐरणपण दिसली, पण ते असू द्या. जागाच उरली नाही, म्हणून लेथचा लोखंड धरून फिरणारा जबडा आवळायची चावी मी जबड्यातच खोचून ठेवायचो. म्हंजी हरवत नाही.

लेथला लाईट विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरवरून घेतलीय. त्याला ऑटो आहे, लाईट आली की आपोआप सुरू. आज पसारा आवरताना लाईट नव्हती, म्हणून ऑटो बंद करायचं सुचलंच नाही.

आई चहा घेऊन दारात आली. "आरं, पाय ठिवायला तरी जागा हाय का हितं?"

तेवढ्यात लाईट आली. लेथ फिरला. चावी आईच्या कानाजवळून गेली आन् दाराशेजारच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडली.

आई कपबशीसकट खाली बसली. मग म्हणाली, "तुझ्या आप्पास्नी बोलू नगं. समदं परत भंगारात घालतील."

लाईट लगेच परत गेली, ती अजून आलेली नाही. मी आईला धरून घरी आणलं, ते गोठ्याकडं पुन्हा फिरकलोच नाही. भीती वाटते. हत्यारं वाढत गेली की तुम्ही चावी कुठं ठेवता? खरं सांगा.

थांबा. तळेगावहून ताई आलीय, न सांगता. तिची लहानगी चिमी अंगणात दिसत नाही. गोठ्याचं दार उघडं आहे, आन् ऑटो मी अजून बंद केलेला नाही.