ऐकू न आलेली टकटक

इस्माईलभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला गप्प बसायला सांगितले होते. आमचे घर उरणचे, मिठागरांतून ट्रकच्या धंद्यात आलेले. बोलण्यात आम्ही कोणाला हार जात नाही. नवी घेतलेली गाडी चढावर आवाज करते म्हणून मी ती त्यांच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि सगळी हकिगत सविस्तर सांगू लागलो. ते शेजारी येऊन बसले, काचा खाली केल्या, रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "आता तू पण बंद." कर्नाळ्याचा चढ एकदा चढून आलो. परतल्यावर त्यांनी जो दोष सांगितला तोच निघाला. पुढे ट्रक भावावर सोपवून मी त्यांच्याकडेच कामाला लागलो. त्यांना साठ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की इतकी वर्षे मी त्यांच्या शेजारी उभा आहे.

भाई मूळचे मुरुडचे. तरुणपणी ते आखातात गेले, तिथे शर्यतीच्या गाड्यांवर काम शिकले आणि परतल्यावर उरणच्या रस्त्याला त्यांनी डायनो बसवला. डायनो म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून तिची ताकद मोजणारे यंत्र. हा ग्रंथ त्यांचे नातेवाईक आणि मशिदीतले मित्रही वाचतील, म्हणून कामाविषयी थोडे सांगतो. इंजिनात ठिणगी किती आधी पाडायची हे ठरवणे म्हणजे टायमिंग. ती थोडी आधी पाडली की ताकद वाढते. फारच आधी पाडली की इंधन भलत्या वेळी पेटते आणि पिस्टनवर हातोडे बसू लागतात. या टकटकीला नॉक म्हणतात. ती टिपायला इंजिनावर सेन्सर असतो. त्याची रेघ पडद्यावर दिसते आणि आवाज हेडफोनमधून ऐकता येतो. सुपरचार्जर इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो, त्यामुळे तिथे नॉकचा धोका अधिक. इंधन म्हणून इथेनॉल वापरले तर तो पुष्कळ कमी होतो, आणि म्हणूनच टायमिंग लावणाऱ्याला हाव सुटते.

भाईंना हाव सुटलेली मी पाहिली नाही. ताकद वाढायची थांबली, किंवा हेडफोनमध्ये पहिली टकटक आली, की ते तिथेच थांबत. इथेनॉलच्या पिंपाचे झाकण कोणी उघडे टाकले तर मात्र त्यांचा पारा चढे, कारण हे इंधन आपल्याकडची दमट हवा शोषून घेते. "झाकण लाव, समुद्र पितंय ते," या वाक्यातून आमच्यातला एकही जण सुटलेला नाही.

माणसांच्या बाबतीत ते वेगळे. एकदा शर्यतीची गाडी डायनोवर चढवलेली असताना एक मच्छीमार होडीचे बंद पडलेले इंजिन टेम्पोत घालून आला. भाईंनी गाडी तशीच ठेवून आधी ते इंजिन उघडले. गाडीचा मालक कुरकुरला, तेव्हा म्हणाले, "तुमची शर्यत रविवारी हाय. याची भरती आज हाय."

मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. काही वर्षांपूर्वी पेणच्या एका व्यापाऱ्याची सुपरचार्जरची, इथेनॉलवर चालणारी गाडी आमच्याकडे होती. टायमिंग पुढे नेताना, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडताना, पडद्यावरची रेघ उसळू लागली. भाईंच्या कानांवर हेडफोन होता. ते म्हणाले, "नॉक न्हाय. सुपरचार्जरच्या गिअरची किरकिर हाय." अशा किरकिरीने सेन्सर फसतो हे खरे आहे, आणि या धंद्यात मुरलेला कोणीही सेन्सरपेक्षा आपल्या कानांवर विश्वास ठेवतो. मीही ठेवला. शेवटी सवयीप्रमाणे त्यांनी स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी कण चिकटले होते. ते पिस्टनचे होते.

त्यांनी प्लग परत जागेवर बसवला. मग हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि इंजिन क्षणभर पुन्हा ताणले. पत्र्यावर बारीक खडे पडावेत तसा आवाज स्वच्छ येत होता.

"ऐकू येतंय?"

"येतंय, भाई."

"मला न्हाय."

डॉक्टरांनी तपासले. जन्म इंजिनांजवळ गेल्यामुळे वरच्या पट्टीतले आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते. हे फक्त मला माहीत होते. मी म्हटले, "कोणाला सांगायची काय गरज? यापुढं पडद्यावर बघून काम करू." ते म्हणाले, "आणि ज्यांनी माझ्या कानाच्या भरवशावर गाड्या नेल्या, त्यांचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेका मालकाला स्वतः फोन केला. "माझं ऐकणं कमी झालंय. गाडी जोरात पळवू नका, घेऊन या, टायमिंग मागं घेतो." पालीचा एक मालक म्हणाला, गाडी मस्त पळते, कशाला त्रास घेता? भाई लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने पालीला गेले आणि त्याच्या अंगणात बसून टायमिंग मागे घेऊन आले. त्या गाडीला काहीच झालेले नव्हते, हेही त्यांनी आम्हाला हसत सांगितले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बहिऱ्याकडे काय गाडी लावायची, असे लोक आमच्या तोंडावर बोलले. शर्यतींचा तो सगळा हंगाम डायनोचे रोलर झाकूनच राहिले. मला भाईंचा राग आला होता, हे लपवत नाही. त्यांनी आयुष्यभर कमावलेले नाव स्वतःच्या हाताने खाली ठेवले असे मला वाटत होते. गौरवलेखात सगळे ग्राहक परत आले असे लिहायची रीत आहे. तसे झाले नाही. काही आले. पेणचे व्यापारी आले, नव्या पिस्टनची गाडी घेऊन.

आता हेडफोन माझ्या कानांवर असतो आणि निर्णय भाईंचा. मी "साफ हाय" म्हटले की ते माझ्या तोंडाकडे पाहत विचारतात, "नक्की?" या एका प्रश्नाला मी अजून घाबरतो, आणि त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर त्या भीतीतच आहे.

इस्माईलभाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा. माझ्या इच्छेत थोडा स्वार्थ आहे. त्याच इंजिनांशेजारी मीही उभा असतो. माझे कान एक दिवस जातील आणि ते मला कळणारही नाही. कळले तरी त्यांच्यासारखे फोन करायचे धैर्य माझ्यात असेल की नाही, मला ठाऊक नाही. तेव्हा भाई शेजारी असावेत.