बिनइकाम्याचे कामगार

सांडपाण्याच्या प्लँटवर गाळ आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. गाळ निदान टँकर घेऊन जातो, किस्से कोण नेणार? म्हणून ऐका.

सौदीत मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न, "ऑइलमध्ये का?" मी सांगतो, "नाही हो, कामगारांच्या कॅम्पच्या संडासाचं पाणी साफ करतो." शेकहँडला निघालेला हात लगेच खिशात जातो! खरं तर साफ मी करतच नाही. टाकीतले जंतू घाण खातात, मी फक्त त्यांना हवा सोडतो. साफ पाणी पुढे कतीफच्या किनाऱ्यावरच्या तिवरांत जातं.

जंतूंचे खरे पालक आमचे सीनियर ऑपरेटर, दापोलीचे हसनचाचा. रमजानात दिवसभर टाकीत काहीच येईना. मी घाबरून पंप तपासतोय, तर चाचा म्हणाले, "साहेब, गप बसा. त्यांचापण रोजा हाय!"

यंदा चाचांच्या मुलीचं लग्न ठरलं. मॅनेजर म्हणाले, "आधी प्लँटचं इन्स्पेक्शन पास, मग तुमची सुट्टी पास." चाचांनी बॅगसुद्धा भरली. आणि कॅम्पबॉसला स्वच्छतेचा झटका आला! पठ्ठ्याने ड्रमच्या ड्रम ब्लीच ओतून सगळे संडास धुतले. ते सगळं आमच्या टाकीत. जंतू खलास! वर त्याचाच फोन, "देखा चाचा, कैसा चमका दिया?"

"मेल्या, माझ्या पोरीचं लग्न धुतलंस तू!" चाचा अक्षरशः रडकुंडीला आले. मलाही फार वाईट वाटलं.

शेजारच्या प्लँटवरून जिवंत जंतूंच्या गाळाचा टँकर मागवला. गेटवरचा सिक्युरिटीवाला इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, बघितल्याशिवाय माणूस आत सोडत नाही. तो अडून बसला, "अंदर क्या है?"

"वर्कर है. करोडो. एक के पास भी इकामा नहीं. पकड!" म्हणत चाचांनी झाकणच उघडलं.

"यल्ला, यल्ला!" नाक दाबून, लवकर निघा असा हात करत त्याने गेट उघडलं.

नवे जंतू मरगळलेलेच. चाचांनी मेसमधून खजुराचा पाक आणून टाकीत ओतला. "नवीन घरात आलेत, थोडं गोडधोड नको?" इन्स्पेक्शनपर्यंत पाणी नितळ झालं. प्लँट पास, सुट्टी पास!

निकाह लागल्यावर चाचांचा व्हिडिओ कॉल आला. "साहेब, फोन टाकीवर धरा." मी धरला. खाली तपकिरी फेस, रटरट बुडबुडे. चाचांनी शेरवानीतल्या नवरदेवाला पुढे ओढलं. "जावईबापू, यांच्यामुळे मी लग्नाला पोचलो. बोला काहीतरी!"

जावई बिचारा नवा. सासऱ्यांकडे बघितलं, फेसाकडे बघितलं, सेहरा बाजूला केला आणि अदबीने म्हणाला, "अस्सलामु अलैकुम!"