नरडं दाबणारा डॉक्टर

आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी अजून माफ केलेलं नाही. ते वारले, दारावरची त्यांची पाटीही उतरली, तरी नाही.

इंग्रज जायच्या बेतात होते तेव्हाची गोष्ट. अमरावतीत त्यांच्या खासगी दवाखान्यात मी नवाच डॉक्टर होतो. त्यांनी मुंबईहून हृदयाचा आलेख काढायचं यंत्र आणलं होतं. आलेखाची पट्टी फोटोसारखी अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. ती धुण्याचा आणि वाचण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते काम माझ्या माथी मारलेलं. यंत्र मात्र दर्शनी खोलीत, मखरात गणपती बसवावा तसं.

एका दुपारी शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागाईतदाराने आपली सून मोटारीत आडवी घालून आणली. सकाळपासून तिची छाती धडधडत होती. हातपाय गार, ओठ निळे, नाडी इतकी जलद की मोजता येईना. मोठ्या डॉक्टरांनी दारातूनच पाहिलं.

"बायकांचं घाबरणं आहे. शांत करायला ब्रोमाइड द्या," म्हणाले आणि गेले.

घाबरणं म्हणे! मी यंत्र जोडलं आणि ओली पट्टी खिडकीशी धरली. रेघा दाटीने उभ्या, पण एकसारख्या अंतरावर, आणि प्रत्येक रेघ काडीसारखी बारीक. त्या रुंद असत्या तर बिघाड हृदयाच्या खालच्या कप्प्यात असता आणि माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं. बारीक म्हणजे घोडं वरूनच उधळलेलं. त्याला आवरायची जागा मानेत असते, जबड्याखाली, जिथे नाडी उडते. तिथे नेमकं दाबून चोळलं तर धडधड कधीकधी थांबते.

मी तिची मान वळवून दाबू लागलो. सासऱ्याला तेवढंच दिसलं.

"अबे, नरडं दाबून राहिला तो तिचं!"

सोबत आलेल्या तिच्या दिराने मला मागून धरलं. पाठीत बुक्के बसले, सदरा फाटला. मीही एक सणसणीत शिवी हासडली, पण बोट काढलं नाही. एकाएकी नाडी थांबली. मग ती पुन्हा सुरू झाली, सावकाश, शहाण्यासारखी.

सुनेने डोळे उघडले. "मामाजी, थांबलं जी," ती सासऱ्याला म्हणाली.

गलका ऐकून मोठे डॉक्टर धावत आले. गिऱ्हाईक वजनदार होतं.

"पोरगा नवा आहे, चुकला," ते हात जोडून म्हणाले. "तिला गुण आला तो औषधाचा." आणि ब्रोमाइडची बाटली सासऱ्याच्या हातात दिली.

"औषध अजून पाजलेलंच नाही!" मी ओरडलो. "पुन्हा असं झालं तर लगेच इथे आणा. मान दाबूनच..."

"तुम्ही गप्प बसा!" मोठे डॉक्टर खेकसले.

सासरा माझ्या पायाशी थुंकला. "या कसायाच्या हाती आमी पुन्हा सून देत नाही."

संत्र्यांचा पुढचा बहार बाजारात आला तेव्हा तो दीर बापाच्या दम्याचं औषध न्यायला आला. मी वहिनीची चौकशी केली.

"तिले पुन्हा तसंच झालं होतं. बाटलीतलं पाजत राहिलो. गेली."

"अरे, मग इथे का नाही आणलं?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काहून आणावं? इथं तुमी होते नं."