पांढरी जीभ आणि चटणीचं मीठ
भवानी पेठेतल्या आमच्या घरी विकायची शेंगाची चटणी होते. कुटायला दोघी बाया येतात, दाणे सून भाजते आणि मिठात शेवटचा शब्द माझा. सोलापुरात चटणीला तोटा नाही. गिऱ्हाईक टिकतं ते चवीवर. त्यामुळे मला माझ्या जिभेचा थोडा माजच होता.

यंदा उन्हाळ्यात त्याच जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला. पुसला तर खाली लालभडक. तिखट झोंबायचं, चव कळेना. अंगातली उष्णता म्हणून मी रोज गुलकंद खाल्ला, शुगर असताना. मीठ मात्र मीच टाकत राहिले. हार कोण मानतंय?

शेवटी सुनेनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या नातीएवढी. म्हणाली, "ही बुरशी आहे आजी, यीस्ट. थोडी सगळ्यांच्याच तोंडात असते. शरीराची राखण चोख असते तोवर गप्प बसते. दम्याच्या पंपातलं औषध तोंडात राहिलं की तिथली राखण ढिली पडते. त्यात तुमची शुगर, वर गुलकंद. पंप ओढल्यावर चूळ भरता ना?"

"कशी भरणार? अंघोळ झाली की गळ्यातल्या लिंगाची पूजा होईस्तोवर आमी तोंडात पाणी घेत न्हाय. आन् उदबत्तीनं दम लागतो म्हणून पंप पूजेच्या आधीच ओढावा लागतोय की."

"मग उठल्या उठल्या ओढा, त्यानंतर दात घासा."

पंप लागून तीन वर्षं झाली, पण हे मला सुचलं नव्हतं. सून खिडकीबाहेर बघत हसत होती.

पंधरा दिवस औषध तोंडात घोळवलं, गुलकंद बंद केला, आणि जीभ ताळ्यावर आली. मग फडताळात आजारपणातली, मी मीठ टाकलेली चटणी सापडली. चाखली तर नुसतं मीठ. हीच गेली असेल गिऱ्हाइकांकडं?

"तशी गेलीच न्हाय," सून म्हणाली. "तुमी आत गेला की मी बिनमिठाचे दाणे कुटून मिसळत हुते. ही तेवढी मिसळायची ऱ्हायली."

"मग मला सांगायचं की."

"तुमाला सांगायचं कुणी, आत्या?"

एरवी मी आकांडतांडव केलं असतं. त्या दिवशी लाज वाटली, आणि तिची लई माया आली.

दुसऱ्या दिवशी कुटून झाल्यावर सगळ्या सवयीनं माझ्याकडे बघत थांबल्या. मी मिठाचा डबा सुनेपुढे सरकवला. तिनं माझ्यापेक्षा चिमूटभर कमीच टाकलं. मी चाखलं. बरोबर होतं.