बाबांसाठी चार चित्रं

बाबा आर्वीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी लागली, कोणती उशिरा येणार, हे खिडकीमागे बसून माइकवर सांगायचे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. आवाज होता, पण शब्द एकच उरला होता : वर्धा. पाणी हवं असलं तरी वर्धा, पाठ दुखली तरी वर्धा. सुरुवातीला आम्हाला वाटलं, त्यांना वर्ध्याला जायचंय. ते चिडून तोच शब्द मोठ्याने म्हणायचे आणि आपल्याच तोंडून काय बाहेर पडलं ते ऐकून डोळे मिटून घ्यायचे.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत जिथे शब्द जुळतात तिथेच मार बसलाय; आता वाचताही येणार नाही. त्यांच्या टेबलावर एक कॉम्प्युटर होता. पडद्यावरच्या चित्रावर बाण नेऊन माऊस दाबला की आतून एका बाईचा आवाज हिंदीत यायचा, "पानी". त्यांनी माऊस बाबांच्या डाव्या हाताखाली दिला. बाबांनी दाबलं. आवाज आला. त्यांनी परत दाबलं. आम्ही निघालो तरी दारातून ते त्या टेबलाकडे वळून पाहत होते.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "तू त कॉम्प्युटरच शिकवते. आपल्या घरी तसं नाई करता येत का?"

मी आर्वीतच एका खाजगी क्लासमध्ये शिकवत होते. शिकवायचे म्हणजे पुस्तकात असेल तेवढंच. क्लासच्या मालकांच्या कपाटात एक जाडजूड जुना लॅपटॉप पडून होता, बॅटरी मेलेली. "ने बाई, चालला त तुझा," ते म्हणाले. नेहमीची सिस्टिम त्याला पेलत नव्हती. वर्ध्याला सायबर कॅफे चालवणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांना मी दादा म्हणायचे. त्यांनी मला एक सीडी दिली.

"हे लिनक्स आहे, एकदम हलकं. जुन्या मशीनले हेच झेपते. पण स्क्रीनचं काम तुलेच पाहा लागन."

लिनक्स चढलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर वर गेली आणि शेवटी एक रेघ लुकलुकत थांबली. तिथे अक्षरं होती, चित्र नव्हतं. चित्रांचा पडदा उघडायचा तर एक आज्ञा द्यायची, स्टार्टएक्स. मी ती टाइप केली. पडदा क्षणभर विझला आणि परत अक्षरं आली. एकही स्क्रीन सापडली नाही, असं लिहिलं होतं. ते मी त्याच स्क्रीनवर वाचत होते.

क्लास सुटल्यावर रोज दुपारी मी त्याला भिडायचे. स्क्रीनची माहिती एका फाइलमध्ये आपल्या हाताने भरायची असते : पडद्यावर चित्र उमटवणारं आतलं कार्ड कोणतं, पडदा केवढा, रंग किती. लॅपटॉपच्या पाठीवरचं लेबल घासून गेलेलं. मी अंदाजाने भरायचे, आज्ञा द्यायचे, आणि तेच वाक्य. एकदा वेगळं काही झालं. पडदा कडांकडून पांढरा पडत गेला. मी दादांना फोन लावला.

"बंद कर आधी," ते म्हणाले. "चुकीचा आकडा पडला त पडदाच जाईन."

मी वायर ओढली. एरवीही भारनियमनात दुपारी लाइट गेली की मशीन तिथेच मरायचं आणि केलेलं पुन्हा करायला लागायचं.

आवाज मात्र पहिल्या आठवड्यातच चालला. क्लासच्या कॉम्प्युटरवर मी माझ्याच आवाजात चार शब्द भरून आणले होते : पाणी, जेवण, दुखतंय, संडास. काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टाइप केली की लॅपटॉप म्हणायचा, पाणी. बाबा त्या आवाजाने हलले. मी त्यांची खुर्ची जवळ ओढली. त्यांनी डावा हात उचलला, पडद्याजवळ नेला आणि दाबायला काही शोधू लागले. तिथे नुसती अक्षरं. त्यांनी एका ओळीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

आई रोज विचारायची, "झालं का वं?" पुढे तिने विचारणं सोडलं. हिवाळ्यात बाबांना दुसरा झटका आला. लहान होता, पण त्यानंतर ते 'वर्धा'ही म्हणेनासे झाले.

दवाखान्यातून आणल्यावर मी परत बसले. मला दुसरं काही करता येत नव्हतं. दादांनी फोनवर सांगितलं, "कार्डाचं नाव शोधणं सोड आता. कोणत्याही कार्डाले चालते तो साधा ड्रायव्हर प्रोग्राम लाव. पडदा लहान ठेवजो, रंग कमी ठेवजो." मी तसं भरलं. पडदा विझला, बराच वेळ विझलेलाच राहिला. मग करड्या रंगावर मधोमध एक काळी फुली उमटली. माऊस हलवला तशी ती हलली; चित्रांचा पडदा उघडला होता.

मी आईला हाक मारली. ती कणकीच्या हाताने आली, पाहत राहिली. "एवढंच?" म्हणाली. मग मी चार चित्रं लावली. रंग कमी असल्यामुळे पाण्याचा पेला हिरवट दिसत होता आणि ताटातली पोळी मातीसारखी.

बाबांच्या हाताखाली माऊस दिला. त्यांनी तो धरलाच नाही. मी त्यांचा हात धरून बाण पेल्यावर नेला, दाबलं. पाणी, मशीन म्हणालं. आईने पाणी आणलं. बाबांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताने दोनदा पेलाच दाबला गेला, आणि दोन्ही वेळा पाणी नको होतं. चित्र पाण्याचं आहे हे त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी कळत होतं. आता नसेल कळत."

तरी मी काही दिवस लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवत गेले. एकदा लाइट चालू-बंद झाली आणि त्यानंतर मशीन अक्षरांपुढे जाईना. मी फाइल उघडली, तशीच बंद केली.

"राहू दे आता," आई म्हणाली. "काऊन स्वतःले त्रास करून राह्यली?"

उन्हाळ्यात एका सकाळी बाबांनी डाव्या हाताने समोरच्या कपाटाकडे बोट केलं. बोट खाली येईना. आईने कपाट उघडलं. आम्ही दोघींनी एकेक वस्तू काढून त्यांना दाखवली : स्वेटर, कामावरचा खाकी शर्ट, चष्म्याची डबी, औषधांच्या पिशव्या, माझ्या लहानपणचे फोटो. प्रत्येक वस्तूला ते मान हलवायचे, नाही. फळ्या रिकाम्या झाल्या तरी बोट तिकडेच. मग हात थकून गादीवर पडला आणि त्यांचा डोळा लागला. आम्ही सगळं परत आत लावलं.

पावसाळ्याआधीच ते गेले. आई अजूनही मधूनच मला विचारते, "त्या दिवशी त्यायले काय पाहिजे होतं वं?" मी सांगते, माहीत नाही.